चिप्सच्या रिकाम्या पुड्या सोसायटीत एकत्र जमवताना

सांगलीत विश्रामबागेसारख्या वस्तीत दुधाची रिकामी पिशवी भंगारवाला घेतो, कारण ती एकाच जातीच्या पॉलिथिनची असते. चिप्स किंवा बिस्किटांच्या पुडीत मात्र प्लॅस्टिकचे निरनिराळे थर आणि बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात की, ते सुटे करण्याचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक होतो. एका घरातून निघणारे वजन अगदीच किरकोळ असल्याने वीस-पंचवीस घरांनी मिळून जिन्याखाली एक कोरडे पोते ठेवावे.

पुडी उलटी करून झटकावी, आतून ओल्या फडक्याने पुसावी आणि पूर्ण वाळल्यावरच पोत्यात टाकावी, कारण तेल-मिठाचा अंश राहिल्यास मुंग्या आणि उंदीर येतात व पावसाळ्यात सगळे पोते कुबट होते. पुडी किंवा दुधाची पिशवी फोडताना कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये; असे कपटे वेचणाऱ्याच्या हाती लागत नाहीत आणि थेट गटारात जातात. फळांच्या रसाची खोकी मुख्यतः पुठ्ठ्याची असल्याने ती चपटी करून निराळ्या पिशवीत ठेवावीत.

पोते भरण्याआधीच ते कोण नेणार, हे महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारून ठरवावे. हा माल पुष्कळदा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळला जातो, ज्याला माझ्या मते पुनर्वापर म्हणणे धाडसाचेच आहे. म्हणून नेणाऱ्याला पुढचा मुक्कामही विचारावा. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावरही असल्याने पुडीवरील ग्राहक-सेवा क्रमांकावर सोसायटीच्या नावाने विचारणा करता येते.