कुंडलिकेवर पहिल्यांदा राफ्टिंगला निघालात? या चुका टाळा

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीवर, कोलाडला पहिल्यांदा राफ्टमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीत बसणाऱ्यांना नदीपेक्षा स्वतःचं शरीरच जास्त दगा देतं. लाट अंगावर आली की हात थांबतात, राफ्ट कलली की माणूस आत दबतो, पाण्यात पडला की आधी पाय टेकवायला बघतो. जमिनीवर या सवयी आपल्याला सांभाळतात, पण धावत्या पाण्यात त्या नेमक्या उलट्या पडतात. कुंडलिकेचा हा 12-14 किलोमीटरचा टप्पा ग्रेड 2 ते 3 चा आहे. आंतरराष्ट्रीय मोजणीत 1 म्हणजे जवळजवळ संथ पाणी आणि 6 म्हणजे जिवावरचा खेळ. म्हणजे शिकायला हा टप्पा उत्तम, पण तो शिकूनच उतरण्याचा आहे.

उशिरा पोहोचणं

मुंबईहून पहाटे निघून वाटेत चहा-नाश्त्यात तास घालवला, तर इथे नदी तुमच्यासाठी थांबत नाही. हे पाणी पावसाच्या भरवशावर वाहत नाही. ज्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं आणि टर्बाइन फिरवून झाल्यावर कुंडलिकेत सोडलं जातं. म्हणून भर उन्हाळ्यातही इथे राफ्टिंग चालतं. पण पाणी सुटतं ते सहसा सकाळी, आणि किती सुटेल ते विजेच्या गरजेवर ठरतं. आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करा आणि त्या वेळेच्या अर्धा तास आधी हजर राहा.

याच कारणाने, पात्र कोरडं दिसतंय म्हणून मधल्या खडकांवर मुलांना घेऊन फोटो काढत बसू नका. आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढतं.

लाइफ जॅकेट सैल ठेवणं

उकडतं, दम कोंडल्यासारखं वाटतं, म्हणून लोक गाइडची पाठ वळली की पट्टे ढिले करतात. सैल जॅकेट पाण्यात स्वतः वर तरंगतं आणि माणूस त्यातून खाली सरकतो. जॅकेट कानापर्यंत येतं आणि तोंड पाण्याच्या पातळीवर राहतं. तपासायची रीत सोपी आहे: जोडीदाराला सांगा, दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून जोरात वर ओढ. जॅकेट हनुवटीला लागलं तर खालचा पट्टा आधी आवळा, मग वरचे. श्वास पूर्ण घेता यायला हवा, पण जॅकेट हलता कामा नये. पट्ट्याचं लोंबतं टोक आत खोचा, ते कशात तरी अडकतं.

जीन्स नको. भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट, चष्म्याला दोरी. अंगठ्या-साखळ्या गाडीतच ठेवा.

रॅपिडमध्ये वल्हं थांबवणं

रॅपिड म्हणजे खडकांमधून उसळत धावणारं पाणी, आणि तिथे ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. गाइड मागे बसून राफ्ट वळवतो, पण तिला वेग देणारे तुम्ही असता. वेग गेला की राफ्ट पाण्याच्या मर्जीवर जाते, आडवी होते आणि मग पुढची लाट तिला बाजूने गाठते. 'फॉरवर्ड' ऐकू आलं की लाट तोंडावर फुटली तरी वल्हं पाण्यात गेलंच पाहिजे. पाण्यात रुतलेलं वल्हं तुम्हाला आधारही देतं, हे एकदा अनुभवलं की थांबावंसं वाटत नाही.

वल्हवूनही राफ्ट पुढे सरकत नसेल, तर बहुतेक वेळा ताकद कमी नसते, ताल चुकलेला असतो. पुढच्या दोघांनी एकमेकांशी जुळवायचं, बाकीच्यांनी आपल्या समोरच्याकडे बघायचं. वल्हं उभं धरून पातं पूर्ण बुडवा, कमरेतून पुढे वाका आणि अंगाने मागे या. नुसत्या दंडाने ओढलं तर दहा मिनिटांत खांदे भरून येतात.

एक हात कायम वल्ह्याच्या वरच्या टोकाच्या, इंग्रजी टी आकाराच्या मुठीवर ठेवा. ती मूठ सुटली तर शेजाऱ्याच्या दातावर बसते. राफ्टिंगमध्ये तोंडाला होणाऱ्या जखमांमागे बऱ्याचदा हीच मोकळी मूठ असते.

आतल्या बाजूला दबून बसणं

बसायचं ते राफ्टच्या बाहेरच्या फुगीर कडेवर, पाय आतल्या आडव्या ट्यूबखाली रोवून. भीतीने आत सरकलात की वल्हं पाण्यापर्यंत पोहोचत नाही. खाली बसायचं ते फक्त 'गेट डाऊन' म्हटल्यावर, आणि तेव्हाही बाजूची दोरी एका हातात हवी. पाय मात्र घट्ट अडकवू नका. पडायची वेळ आली तर ते सहज सुटले पाहिजेत.

राफ्ट खडकावर आदळली की सगळे खडकापासून दूर पळतात. इथे उलटं करायचं असतं. दूर गेलात की वरच्या अंगाची, म्हणजे जिकडून पाणी येतं तिकडची कड खाली जाते, पाणी आत घुसतं आणि राफ्ट खडकाला चिकटते किंवा उलटते. 'हाय साइड' ऐकू आलं की सगळं वजन खडकाच्या बाजूला न्या, जणू त्या खडकाला मिठीच मारायची आहे.

पाण्यात पडल्यावर उभं राहणं

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. पाणी कमरेएवढंच आहे, तळ दिसतोय, म्हणून माणूस उभा राहायला जातो. तळाशी खडकांच्या फटी असतात. पाय फटीत गेला की मागून येणारा प्रवाह पाठीला ढकलून माणसाला पुढे वाकवतो आणि पाण्याखाली दाबून धरतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे उत्तम पोहणाऱ्यालाही तिथून मान वर काढता येत नाही. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उभं राहायचं नाही, हा नियम धरा.

त्याऐवजी पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याबाहेर दिसतील इतके वर. खडक आला तर पायांच्या तळव्यांनी त्याला ढकला. श्वास लाटांच्या मधल्या खळग्यात घ्या, माथ्यावर नको, कारण तिथे पाणी तोंडात जातं. राफ्ट आणि खडक यांच्या मध्ये कधीच येऊ नका. राफ्ट जवळ असेल तर तिच्या वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे राहा. काठावरच्या झाडाच्या वाहत्या पाण्यात बुडालेल्या फांद्या आधारासारख्या दिसतात, पण त्यातून पाणी गाळून जातं आणि माणूस अडकतो. पुढे तशा फांद्या दिसल्या तर पालथे होऊन जोरात पोहत बाजूला निघा.

दोरी फेकली तर दोरीच धरा, तिची पिशवी नाही, कारण पिशवीत दोरी उरलेली असली तर ती सुटत राहते. दोरी मनगटाला गुंडाळू नका. छातीशी धरा, खांद्यावरून घ्या आणि पाठीवरच राहा, प्रवाह तुम्हाला काठाकडे आणून सोडेल.

राफ्ट उलटून तुम्ही तिच्याखाली गेलात, तर दोन्ही हात वर टेकवून एकाच दिशेने सरकत राहा. दिशा बदललीत की त्याच जागी घुटमळाल.

दुसऱ्याला आत घेताना त्याचे हात ओढू नका, खांदा निखळू शकतो. त्याचं तोंड राफ्टकडे करा, जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरा आणि स्वतः मागे पडा.

संथ टप्प्यात गाफील होणं

रॅपिड संपले की गाइड पाण्यात उडी मारायला सांगतो आणि तो भाग खरोखर सुंदर आहे, दोन्ही बाजूंना झाडी आणि गार पाणी. तिथेही हेल्मेट आणि जॅकेट काढू नका. शर्यत लावून राफ्टच्या फार पुढे पोहत जाऊ नका. गाइडने हाक मारली की लगेच या, कारण वळणामागचं पाणी त्याला माहीत असतं. आणि सगळे आत आल्यावर डोकी मोजा.