लॉफ्ट झाला, पण कुठला कोपरा कुठे गेला?

लॉफ्ट म्हणजे थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली, दोन आकार जोडून मधला भाग तयार करणारी कमांड. ती येत नाही म्हणून सहसा कोणी अडत नाही. दोन प्लेन घेतली, दोन बंद स्केच काढली, दोन क्लिक आणि ओके, झाला लॉफ्ट. अडायला होतं ते पुढे. शेल (मॉडेल आतून पोकळ करणं) लावायला जावं तर लागत नाही, फ्लॅट पॅटर्न (पत्र्याचा सपाट उलगडा) मागावा तर निघत नाही, नाहीतर कोणीतरी सीनियर मॉडेल दोन वेळा गोल फिरवतो आणि विचारतो, "याला पीळ का पडलाय?" आणि आपल्याला तो पीळ तोपर्यंत दिसलेलाच नसतो. चुकलेल्या लॉफ्टला एरर येईलच असं नाही, ही या कमांडची खरी खोडी.

मी भोसरीत धूळ ओढणाऱ्या यंत्रणांचं डिझाइन करते. हॉपर (नरसाळ्यासारखी टाकी), डक्ट (हवेचा मार्ग), चौकोनातून गोल होणारी ट्रान्झिशन, हे रोजचं. त्यामुळे लॉफ्टशी माझं रोजचंच भांडण. खाली लिहिलंय ते सॉलिडवर्क्स हे सॉफ्टवेअर धरून. कॅटियात याला मल्टी-सेक्शन्स सॉलिड म्हणतात, क्रिओत ब्लेंड, एनएक्समध्ये थ्रू कर्व्ह्ज, इन्व्हेंटर आणि फ्यूजनमध्ये लॉफ्टच. नावं वेगळी, गोची तीच. प्लेन कसं ऑफसेट करायचं, स्केच फुल्ली डिफाइन कसं करायचं हे तुम्हाला येतं असं धरते. येत नसेल तर आधी ते करा, लॉफ्ट कुठे पळून जात नाही.

आधी एक मत सांगून टाकते, पटलं तर घ्या. लॉफ्ट ही शेवटची कमांड आहे. एकाच अक्षावर गोलातून गोल होत असेल तर रिव्हॉल्व्ह करा, म्हणजे स्केच अक्षाभोवती फिरवा. चौकोन सगळीकडून सारखाच निमुळता होत असेल तर एक्स्ट्रूडला (स्केच सरळ उचलून घन करणं) ड्राफ्ट, म्हणजे उतार, द्या. सेक्शन, म्हणजे आडवा छेद, बदलतच नसेल तर स्वीप, म्हणजे तोच छेद एका वाटेने ओढणं. या तिघांनी काम होत नसेल तेव्हाच लॉफ्ट. क्लासमध्ये शॅम्पूची बाटली करून दाखवतात, ती सुंदर दिसते आणि मुलांना वाटतं की लॉफ्ट आला की डिझाइन आलं. तसं नाही. रिव्हॉल्व्हचा व्यास बदलायला एक डायमेन्शन पुरतं. लॉफ्टमध्ये तोच बदल केला की कधीकधी फीचर ट्रीचं (मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीचं) खालचं अर्धं झाड एररने लाल होतं.

आता मूळ दुखणं, ज्यात मी स्वतः बरीच रखडले. ते सावकाश वाचा, कंटाळा आला तरी.

लॉफ्ट करताना सॉफ्टवेअरला दोन प्रोफाइल, म्हणजे टोकांची दोन स्केच, मिळतात, पण पहिल्या प्रोफाइलवरचा कुठला बिंदू दुसऱ्यावरच्या कुठल्या बिंदूला जोडायचा, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ते ठरल्याशिवाय मधला पृष्ठभाग तयारच होऊ शकत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर ते स्वतः ठरवतं. चौकोनातून चौकोनात जाताना चार कोपरे इकडे, चार तिकडे, निदान पर्याय मोजके असतात. पण एका बाजूला चौकोन आणि दुसऱ्या बाजूला वर्तुळ असलं की? वर्तुळाला कोपराच नाही, पकडायचं कशाला? मग सॉफ्टवेअर अंदाजाने चार जागा धरतं. त्या तुमच्या मनातल्या जागांपासून थोड्या जरी सरकल्या तरी चारही बाजूंना पीळ पडतो. मॉडेल वरून बघा, म्हणजे वरच्या प्लेनला नॉर्मल टू करून. चौकोन आणि वर्तुळ एकाच केंद्रावर असतील तर चारही कडा नीट कर्णांवर पडलेल्या दिसल्या पाहिजेत. त्या भिंगरीच्या पात्यांसारख्या एकाच दिशेला कललेल्या दिसल्या तर लॉफ्ट पिळलाय, मग आयसोमेट्रिकमध्ये तो कितीही गुळगुळीत दिसो.

पहिली सवय: प्रोफाइल डावीकडच्या फीचर ट्रीतून निवडू नका. ग्राफिक्समध्ये, प्रत्यक्ष स्केचवर, एकमेकांना जोडायच्या कोपऱ्यांजवळ क्लिक करा. सॉलिडवर्क्स क्लिकच्या जवळचा बिंदू जोडणीसाठी धरतं. ट्रीतून निवडलंत की तो इशाराच दिला नाहीत. प्रिव्ह्यू आल्यावर राइट क्लिक करून शो ऑल कनेक्टर्स घ्या. जोडणीच्या जागा दाखवणारे ठिपके, म्हणजे कनेक्टर, दिसतील, ते कडेवरून ओढून सरकवता येतात. पण कनेक्टर ओढून बसवणं ही मलमपट्टी आहे, हे लक्षात ठेवा. स्केच बदललं की तुम्ही हाताने सरकवलेला ठिपका तिथेच राहील याची खात्री मी तरी देणार नाही.

खरा इलाज स्केचमध्ये आहे. वर्तुळाला कोपरे द्या. म्हणजे केंद्रातून ४५ अंशांवर दोन सेंटरलाइन काढायच्या, त्या वर्तुळाला छेदतात तिथे स्प्लिट एंटिटीजने वर्तुळ तोडायचं. पूर्ण वर्तुळ एका बिंदूवर तुटत नाही, किमान दोन लागतात, त्यामुळे पहिल्या क्लिकला काही झालं नाही म्हणून घाबरू नका. चार चाप झाले की टोकं त्या सेंटरलाइनवर कोइन्सिडंट करा (त्यांच्यावरच बसवा) आणि चारही चाप कोरेडियल (एकाच केंद्राचे, एकाच त्रिज्येचे) आहेत ना ते बघा, नाहीतर व्यास बदलल्यावर वर्तुळाचा बटाटा होतो. आता चौकोनाला चार बाजू, वर्तुळाला चार चाप. कोपरा कोपऱ्याला जातो, अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. चौकोनाच्या कोपऱ्यांना फिलेट (गोलाई) असेल तर तिकडे आठ तुकडे झाले, मग वर्तुळाचेही आठ करा. क्रिओ या बाबतीत खडूस आहे: ब्लेंडच्या सेक्शनमधले तुकडे सारखे नसले की ते पुढेच जाऊ देत नाही. नवीन मुलं वैतागतात. मला वाटतं सुरुवातीला असं खडूस सॉफ्टवेअरच बरं.

इथपर्यंत आलात तर बहुतेकांच्या पुढे आहात. पण तुम्ही पत्र्याच्या कामात जाणार असाल तर अजून एक थर आहे, आणि तो क्लासमध्ये कोणी सांगत नाही.

समजा खाली ३०० बाय ३०० चा चौकोन, वर २०० व्यासाचं वर्तुळ, उंची २५०. वर सांगितल्याप्रमाणे चार बाजू चार चापांना जोडल्या. पीळ नाही, शेल लागतो, सगळं सुरेख. हे मॉडेल मी ज्या वर्कशॉपमध्ये पाठवलं तिथल्या काकांनी ड्रॉइंग बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, हे चित्रात होतं. पत्र्यात होत नाही." आणि तिथेच पत्र्याच्या तुकड्यावर खडूने काढून दाखवलं.

गोष्ट अशी. खालची बाजू सरळ आहे आणि वरचा चाप वळलेला. मधोमध चापाची स्पर्शरेषा बाजूला समांतर असते, पण कोपऱ्याकडे सरकाल तशी ती तिरकी होत जाते. खालची कड एका दिशेला, वरची दुसऱ्या, म्हणजे मधला पृष्ठभाग दोन्हीकडून वाकतो. असा पृष्ठभाग पत्रा ताणल्याशिवाय सपाट उलगडत नाही. ओतकामात किंवा प्लास्टिकच्या साच्यात हे बिनदिक्कत चालतं. ब्रेक प्रेसवर, म्हणजे पत्रा वाकवणाऱ्या यंत्रावर, नाही.

पत्र्याच्या दुकानात हेच ट्रान्झिशन वेगळं बनतं. चौकोनाची प्रत्येक बाजू वर्तुळाच्या चापाला जोडतच नाहीत, एकाच बिंदूला जोडतात, तिच्या बरोबर समोरच्या. त्यातून चार सपाट त्रिकोण होतात. आणि चौकोनाचा प्रत्येक कोपरा वर्तुळाच्या पाव चापाला जोडला जातो, त्याचे चार शंकूचे तुकडे. सपाट आणि शंकू, दोन्ही न ताणता उलगडतात. आपल्या उदाहरणात त्रिकोणाचा पाया ३०० आणि उंची सुमारे २५५, कारण आडवं अंतर ५० आणि उभं २५०. कोपऱ्यापासून पाव चापाच्या टोकापर्यंतची खरी लांबी साधारण २९६ मिमी, चापाच्या मध्यापर्यंत २७४. काकांनी या लांब्या पायथॅगोरसचं नाव न घेता, गुण्याने कोपरा धरून आणि टेप लावून काढल्या. मी कॅल्क्युलेटरवर पडताळल्या, मिमीभराचा फरक.

म्हणजे बघा, दोन्ही मॉडेलमध्ये प्रोफाइल तीच, उंची तीच. फक्त कुठला बिंदू कुठे जातो ते बदललं आणि एक वस्तू बनते, दुसरी बनत नाही.

सॉलिडवर्क्समध्ये यासाठी शीट मेटलचं लॉफ्टेड बेंड आहे, साधा लॉफ्ट नव्हे. त्याला प्रोफाइल उघडी लागतात. दोन्ही स्केचमध्ये एकाच जागी बारीक फट ठेवायची, तीच पुढे वेल्डिंगची जोड होते. चौकोनाचे कोपरे टोकदार ठेवू नका, फिलेट द्या. दोन्ही प्लेन समांतर असतील तर बेंट पर्याय मिळतो, त्यात पाव शंकूला किती बेंड द्यायचे ते ठरवता येतं. किती द्यायचे हे मात्र तुम्ही ठरवू नका, ब्रेक प्रेस चालवणाऱ्याला विचारा. माझं स्पष्ट मत: पहिल्या नोकरीत ज्याच्याकडून सगळ्यात जास्त शिकाल तो माणूस बहुधा ऑफिसात बसत नाही. सर्टिफिकेट घ्या, सीएसडब्ल्यूपी (सॉलिडवर्क्सची परीक्षा) द्या, बायोडेटात शोभतं. पण शॉप फ्लोअरवर चहाला जाणं चुकवू नका.

बाकीचं भराभर सांगते.

तीन प्रोफाइलचा लॉफ्ट दोनच्या लॉफ्टसारखा वागत नाही. दोन असतील आणि टोकांना काही कन्स्ट्रेंट (बंधन) दिलं नसेल तर मधला पृष्ठभाग सरळ जातो. तिसरं आलं की तो गुळगुळीत वळणाने तिन्हींतून जायला बघतो. १०० मिमीच्या अंतराने ५०, ५० आणि १०० व्यासाची वर्तुळं घेऊन बघा. पहिल्या दोनमध्ये सरळ नळी अपेक्षित असते, मिळते कंबर बारीक झालेली. डक्टमध्ये अशी बारीक झालेली कंबर नको असते. सरळ भाग एक्स्ट्रूड करा आणि फक्त बदलणारा भाग लॉफ्ट करा, जोडावर टँजन्सी टू फेस (शेजारच्या पृष्ठभागाला सलग मिळवणं) द्या. मग मधोमध सेक्शन व्ह्यू लावून माप घ्या. डोळ्यांवर विसंबू नका, गुळगुळीत पृष्ठभागाला डोळा सहज भुलतो.

गाइड कर्व्ह, म्हणजे लॉफ्टला वाट दाखवणारी रेषा, प्रत्येक प्रोफाइलला खरोखर लागली पाहिजे. त्यासाठी रिलेशन पिअर्स, म्हणजे बिंदू प्रत्यक्ष त्या रेषेवरच बसतो असं बंधन. वेगळ्या प्लेनवरच्या रेषेशी कोइन्सिडंट दिलंत तर स्केचमध्ये सगळं काळं होतं, फुल्ली डिफाइन दिसतं, आणि तरी अवकाशात दोघांमध्ये अंतर असू शकतं, कारण कोइन्सिडंट फक्त तुमच्या प्लेनवरची सावली जुळवतं. गाइड कर्व्हने पीळ निघतो असं बरेच जण सांगतात. निघतो कधीकधी. पण आधी प्रोफाइलचे तुकडे जुळवा. प्रोफाइलच विसंगत असतील तर चार गाइड कर्व्ह लावून तुम्ही एका चुकीला चार बाजूंनी बांधून ठेवता.

आणि रात्री उशिरा लॉफ्ट फेल होत असेल, उद्या सबमिशन असेल, तर हात थरथरू देऊ नका. सगळ्यांचं होतं, दहा वर्षं काम केलेल्यांचंही. गाइड कर्व्ह सगळ्या काढून टाका. टोकांची कन्स्ट्रेंट नन (None) करा. फक्त पहिली दोन प्रोफाइल ठेवा. झाला का? मग तिसरं घाला, मग एक गाइड कर्व्ह, मग दुसरी. ज्या पायरीला मोडतो तिथलं स्केच उघडा आणि तुकडे मोजा. बहुतेक वेळा कुठेतरी ट्रिम करताना राहिलेला अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा सापडतो, झूम केल्याशिवाय न दिसणारा. तो डिलीट करा, टोकं पुन्हा जोडा, रीबिल्ड मारा.