गाईच्या शरीरस्थितीचे गुणांकन विद्यार्थ्यांना कसे शिकवावे

गाईच्या अंगावर किती चरबी आहे हे सांगणारी १ (अगदी हडकुळी) ते ५ (अतिस्थूल) ही गुणश्रेणी पशुवैद्यक पदवीच्या विद्यार्थ्याला फळ्यावर पाच मिनिटांत कळते. हाताला ती कळण्यासाठी मात्र गोठ्यातच जावे लागते. त्यामुळे हडकुळी, मध्यम आणि स्थूल अशा निदान तीन गाई आधीच निवडाव्यात व त्यांचे गुण कोणालाही सांगू नयेत.

हाक देत, गाईला दिसेल अशा बेताने जवळ जाऊन कमरेच्या मणक्यांतून आडव्या निघालेल्या हाडांच्या टोकांवर बोटे ठेवायला सांगावे. टोके धारदार लागली तर गुण २ किंवा त्याहून कमी, किंचित दाबल्यावर गोलसर लागली तर ३ च्या आसपास, आणि जोराने दाबूनही लागत नसतील तर ४ च्या पुढे. नंतर शेपटीच्या मुळाजवळचा खळगा चाचपावा. भरलेले पोट पाहून गाय धष्टपुष्ट ठरवण्याची चूक जवळपास प्रत्येक तुकडीत होते. तो कोठीपोटातला (गाईच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातला) चारा असतो, चरबी नव्हे.

चर्चेपूर्वी प्रत्येकाने पाव गुणाच्या अचूकतेने आकडा लिहावा, आणि अर्ध्या गुणाहून अधिक फरक पडल्यास पुन्हा हात लावावा. मात्र एकाच गाईवर वीस जणांचे हात फिरवू नयेत. ती बिथरते आणि विद्यार्थी चुकीची हाताळणी शिकतात.

शेवटी आकडा आहाराशी जोडावा: विताना ३ ते ३.५ गुण असलेल्या संकरित गाईचा गुण पुढील काही आठवड्यांत का उतरतो, हे दुधातून जाणाऱ्या ऊर्जेचा हिशेब मांडून विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे.