आईबाबांना ब्लीकर स्ट्रीटवर पिझ्झा खायला नेताना

न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या घरांत उन्हाळ्यात देशातून आईबाबा येतात, आणि न्यूयॉर्क दाखवायचं ठरलं की स्वातंत्र्यदेवीनंतर पिझ्झाचा विषय निघतोच. माझ्याकडे आजवर आईबाबा आले, सासूबाई आल्या, आत्या आली. प्रत्येकाला मी एकाच ठिकाणी नेलं, मॅनहॅटनच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये जॉन्स ऑफ ब्लीकर स्ट्रीटला. जॉन सासो यांनी १९२९ मध्ये सुरू केलेली ही पिझ्झेरिया अजूनही दगडी कोळशाच्या भट्टीवर पिझ्झा भाजते. इथे एकेक स्लाइस मिळत नाही, मागवायचा तो अख्खा पिझ्झा. तव्यावरून थेट पानात पडलेल्या भाकरीत जे असतं, ते या पिझ्झात पहिली पाच मिनिटं असतं. त्या पाच मिनिटांत घरातलं प्रत्येक माणूस शांतपणे बसलेलं आणि भुकेलं असावं, एवढ्यासाठीच ही सगळी तयारी.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. पाहुणे येतात नेमके जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे श्रावणात. सोमवार, एकादशी, संकष्टी बघून दिवस ठरवा आणि ठरवण्याआधी आईला विचारा. ती स्वतःहून सांगणार नाही. तुमचा हिरमोड नको म्हणून सोबत येईल आणि नुसतं पाणी पिऊन बसेल. शनिवार-रविवार टाळा. इथे टेबल आधी राखून ठेवता येत नाही, रांगेत उभं राहावं लागतं. बाबांना पहिल्यांदा नेलं तेव्हा मी डिसेंबरातला शनिवार निवडला, तोही संध्याकाळी सातला. त्यांचा गुडघा तासभर उभं राहण्याजोगा नव्हता, वाराही बोचरा होता. अर्ध्या रांगेतून परत यावं लागलं. चूक माझीच होती आणि ती अजून मनाला लागते. तेव्हापासून मंगळवार किंवा बुधवार, दुपारी दार उघडायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. वेळा त्याच आठवड्यात तपासून घ्या.

खाण्याचं बोलणं घरीच उरकावं, टेबलावर नको. शाकाहारी माणसांना चीजबद्दल खरं ते सांगायला हवं. इटलीचं पेकोरिनो रोमानो हे किसून घालायचं चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध विरजवणाऱ्या पाचक रसानेच, विरजतात, त्याच्या नियमांतच तसं आहे. पिझ्झावर वितळणारं मोझरेला बऱ्याचदा प्राण्याच्या रेनेटशिवायही बनतं, पण ते विचारल्याशिवाय कळत नाही. शिवाय भट्टी सामाईक, पिझ्झा आत सरकवायचं लांब दांड्याचं फावडंही सामाईक, त्यामुळे शेजारी सॉसेजचा पिझ्झा भाजला जाणार हे गृहीत धरा. सासूबाईंना मी आदल्या रात्री हे सगळं सांगितलं. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "वरून किसलेलं नको गं, बाकी मला चालेल." एखादीला अजिबात चालणार नसेल तर तिचाही मान राखावा. तिच्यासाठी घरून पोट भरून निघण्याची सोय करावी, तिथे सॅलड मागवावं आणि आग्रह करू नये.

जाण्याचा रस्ता गुडघ्यांच्या हिशेबाने ठरवा. नकाशावर न्यू जर्सीहून मॅनहॅटनला येणाऱ्या पाथ ट्रेनचं ख्रिस्टोफर स्ट्रीट स्टेशन जवळचं दिसतं, पण तिथे लिफ्ट नाही, चढायच्या आहेत त्या जिन्याच्या पायऱ्याच. आम्ही मेट्रोपार्कहून न्यू जर्सी ट्रान्झिटने थेट न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जातो. तिथून सबवेची ए गाडी पकडली की चौतिसाव्या रस्त्यानंतर चौदावा आणि मग लगेच वेस्ट फोर्थ. तिथे लिफ्ट आहे. निघताना ती चालू आहे ना, हे फोनवर पाहून घ्यावं. पुढे पाच-सात मिनिटांची सपाट चाल. पेन स्टेशनवरच सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यावं, कारण व्हिलेजमध्ये सार्वजनिक शौचालय शोधत फिरणं वयस्कर माणसांना फार जड जातं.

सकाळी नाश्ता हलका ठेवा. पोहे नकोत, चहा आणि दोन बिस्किटं पुरेत. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र उपाशी निघू नये. औषधं, पाण्याची बाटली आणि चार सुके अंजीर पर्समध्ये टाका. पैशांचं म्हणाल तर रोख घेऊन जा. अशा जुन्या पिझ्झेरियांमध्ये वर्षानुवर्षं रोखीनेच व्यवहार होत आला, त्यामुळे कार्डाच्या भरवशावर राहू नये. मेन्यूवरच्या किमतीवर शहराचा ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो आणि वीस टक्के टीप द्यायची असते, म्हणजे ६० डॉलरचं जेवण ७७ डॉलरच्या थोडं पुढे जातं. बाबा मनातल्या मनात रुपये करणारच. बिल तुमच्या हातात येईल अशा बाजूला बसा.

पोहोचल्यावर एकाने रांगेत थांबावं आणि वडीलधाऱ्यांना दोन-तीन मिनिटांवरच्या फादर डेमो स्क्वेअरमध्ये बाकावर बसवावं. झाडं आहेत, मधोमध कारंजं आहे. मात्र टेबल द्यायच्या वेळी सगळी माणसं दारात हजर असावी लागतात, अशा जागी सहसा तसाच रिवाज असतो, म्हणून फोनचा आवाज चालू ठेवा. त्या चौकाला ज्यांचं नाव आहे ते फादर अँटोनियो डेमो समोरच्या अवर लेडी ऑफ पॉम्पेई चर्चचे धर्मगुरू होते. या वस्तीत तेव्हा इटलीहून आलेली कष्टकरी कुटुंबं राहत. इथून चालत जाण्याच्या अंतरावर, वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ, २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाऊज शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार गेले. बहुतेक तरुण मुली, इटालियन आणि ज्यू घरांतल्या. बाबांनी उभी नोकरी परळच्या गिरणीत केली. हे ऐकल्यावर ते बराच वेळ त्या चर्चकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ही गिरणगावाचीच खानावळ." मला त्याहून नेमकं सांगता आलं नसतं. म्हणून ही गोष्ट तयारीत धरा, बाकावर बसल्या बसल्या सांगायला.

त्याच ओघात भट्टीचंही सांगा. जेनारो लोम्बार्डी यांचं नाव १९०५ पासून या शहराच्या पिझ्झाशी जोडलेलं आहे. त्यांच्याकडे काम केलेल्या अँथनी पेरो यांनी १९२४ मध्ये ब्रुकलिनमधल्या कोनी आयलंडला टोटोनोज ही पिझ्झेरिया काढली. त्या काळी शहरातल्या बेकऱ्यांच्या भट्ट्या दगडी कोळशावर चालत, पिझ्झाही त्यांच्यातच भाजला जाऊ लागला. या कोळशाला धूर कमी आणि आच कोरडी, जबरदस्त, चारशे अंश सेल्सियसच्याही वर. त्यामुळे पिझ्झा काही मिनिटांत होतो, कडा फुगतात, बूड कुरकुरीत होतं आणि आतलं पीठ ओलसर, लुसलुशीत राहतं. आता हवेच्या नियमांमुळे जुन्या भट्ट्यांनाही धुरातले सूक्ष्म कण ७५ टक्क्यांनी कमी करावे लागतात. या भट्ट्या टिकाव्यात असं मला मनापासून वाटतं, आणि शेजारच्या घरांतली हवाही स्वच्छ असावी असंही वाटतं.

काळ्या डागांची कल्पना मात्र आधीच द्या, नाहीतर आई सुरीने कडा खरवडायला घेईल. चुलीवरच्या भाकरीला जसे डाग पडतात तसेच हे, भाजल्याची खूण. करपलेल्याचा कडवटपणा नको असेल त्याने तेवढी कड बाजूला ठेवावी. घरून केचपच्या पुड्या नेऊ नका. टोमॅटोची आंबटगोड चव मुळात इतकी स्वच्छ आहे की पहिला घास काहीही न घालता खावा. पुढच्या घासाला टेबलावरची सुकी मिरची आहेच.

मागवताना चौघांसाठी सहा तुकड्यांचा लहान आणि आठ तुकड्यांचा मोठा मिळून पुरतात. दोन्ही सांगून टाका, पण दुसरा पहिला संपत आल्यावर आणायची विनंती करा, नाहीतर एक गार होतो. पहिला साधाच असू द्या, चीज आणि टोमॅटो. दुसऱ्यावर मशरूम, वांगं, काय हवं ते घ्या. फोटो पिझ्झा यायच्या आधी काढून घ्या. बाकांवर, भिंतींवर कोरलेली शेकडो नावं आहेत, नातवंडं तेवढ्यात ती वाचत बसतात. त्यांच्या हाती टोकदार काही देऊ नका. पिझ्झा आला की पहिला तुकडा बाबांना वाढा आणि त्यांची वाट न बघता स्वतःही उचला, कारण तुम्ही सुरू केल्याशिवाय ते सुरू करणार नाहीत.

उरलं तर खोका मागून घ्या. त्यासाठी एक चपटी कापडी पिशवी सोबत असावी, गाडीत मांडीवर आडवी धरता येते. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह नको. लोखंडी तवा मंद आचेवर तापवायचा, तुकडा ठेवायचा, कडेला पाण्याचे दोन थेंब सोडून झाकण घालायचं. तीन-चार मिनिटांत चीज सैलावतं आणि बूड पुन्हा कुरकुरीत होतं. आईला हे काम सांगावं. तिचा हात तव्यावर बसलेला आहे.