जखमेत अळ्या पडल्यावर या चुका टाळा

'अंगात किडे पडतील' हा आपल्याकडे शाप आहे. म्हणून खरंच जखमेत अळ्या पडल्या की घरचे आधी लपवतात. लोक काय म्हणतील, या विचारात दोन दिवस जातात आणि या आजारात तेच दोन दिवस महाग पडतात.

अळी जखमेत आपोआप तयार होत नाही. हिरवट-निळी, चमकदार, घरमाशीपेक्षा जाडजूड माशी जखमेच्या कडेला बसते, शे-दीडशे अंडी चिकटवते आणि उडून जाते. भारतात हा उद्योग मुख्यतः क्रायसोमाया बेझियाना या माशीचा. तिच्या अळ्यांना कुजलेलं नव्हे, जिवंत मांस लागतं. अंडी बारा ते चोवीस तासांत फुटतात. अळी पाच-सात दिवस खाते, दोनदा कात टाकते, मग खाली पडून मातीत शिरते आणि कोष करते. आपल्या उष्ण हवेत आठवड्याभरात त्यातून नवी माशी बाहेर पडते. बहुतेक चुका होतात त्या हे वेळापत्रक माहीत नसल्यामुळे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पट्टी दिवसेंदिवस न उघडणं. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल तर टाचेखाली अळ्या वळवळत असल्या तरी पेशंटला पत्ता नसतो. पट्टी ओली झाली किंवा तिला वास यायला लागला, तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी बदलून घ्या. तळवा वाकून दिसत नसेल तर खाली आरसा धरा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ओसरीवर झोपवत असाल तर मच्छरदाणी दिवसाही लावा, कारण ही माशी दिवसा फिरते.

दुसरी चूक रॉकेल, फिनेल किंवा गोठ्यातलं कीटकनाशक ओतण्याची. अळ्यांसोबत चांगलं मांसही भाजतं आणि विष उघड्या जखमेतून रक्तात जातं. पिनेनं किंवा चिमट्यानं ओढून काढणंही नको. अळी डोकं आत खुपसून बसते, तोंडाच्या आकड्यांनी आणि अंगावरच्या काट्यांनी घट्ट रुतते, फक्त शेपटाकडची टोकं वर दिसतात. श्वासाची छिद्रं तिथेच असतात. प्रकाश तिला नकोसा, त्यामुळे बॅटरी मारली की ती आणखी खोल जाते. ओढताना तुटली तर आतला तुकडा सडतो. दवाखान्यात टर्पेंटाइन किंवा घट्ट मलम वापरून तिची हवा तोडतात. ती वर आली की फोर्सेपनं उचलतात. हे वाचून घरी टर्पेंटाइन ओतू नका, नाकात आणि कानात तर मुळीच नको.

नाकाचं प्रकरण वेगळंच. नाक आतून सुकलेल्या, खपल्या धरणाऱ्या वयस्कर माणसांच्या नाकाला दुर्गंधी येते, पण वासाची जाणीव गेल्यामुळे त्यांना स्वतःला ती कळत नाही. माशीला बरोबर कळते. नाकातून रक्तमिश्रित पाणी, काहीतरी सरपटल्यासारखं वाटणं, गालावर किंवा डोळ्याखाली सूज, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. तिथून डोळा आणि मेंदू फार लांब नाहीत.

'आज वीस निघाल्या, सुटलो' असंही समजू नका. खोलवरच्या अळ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतात, म्हणून जखम पुन्हा पुन्हा तपासावी लागते. धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, कधी आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध, हे डॉक्टर ठरवतील.

'अळ्या जखम साफ करतात, राहू द्या' असा सल्ला मोबाइलवर फिरतो. तो अर्धवट आहे. अमेरिकेत 2004 पासून अशा उपचाराला मान्यता आहे, पण तिथे लुसिलिया सेरिकाटा या दुसऱ्या माशीच्या, प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या मोजून लावतात आणि दोन-तीन दिवसांत काढून घेतात. ओसरीवर बसलेल्या माशीकडून ती अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

गोठा असेल तर एक चूक हमखास होते. वासराच्या नाळेतून, बैलाच्या शिंगाच्या किंवा खुराच्या जखमेतून काढलेल्या अळ्या तिथेच मातीत टाकून देतात. पूर्ण वाढलेल्या अळीला तेच हवं असतं. तिथेच कोष होतो आणि तयार झालेली माशी पुढची जखम शोधते, मग ती जनावराची असो की मालकाच्या पायाची. काढलेल्या अळ्या उकळत्या पाण्यात टाका आणि नव्या वासराच्या नाळेला पहिल्याच दिवशी टिंक्चर आयोडीन लावा.