पहिलं पान तोडण्याआधी: एचेव्हेरियाची तयारी

पाऊस पडला की काहीही खोचावं आणि ते रुजावं, या समजुतीवर आपण वाढलो. जास्वंदीची फांदी, शेवंतीचा फुटवा, गवती चहाचा ठोंब, सगळं आषाढात. एचेव्हेरिया म्हणजे गुलाबाच्या फुलासारखी जाड पानं रचलेलं छोटं झाड, एकेका पानापासून नवं रोप होणारं. त्याला हा हिशेब लागू नाही, हे कळायला माझा एक अख्खा जुलै गेला. अठरा पानं लावली होती. आठवड्याभरात ती शिजलेल्या साबुदाण्यासारखी झाली, बोट लावलं की फुटायची.

म्हणून यादीत पहिली नोंद कुंडीची नाही, तारखेची. पुण्या-नाशकाकडे दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावर सुरुवात करा. पानापासून तीन इंची रोप व्हायला सहा-आठ महिने सहज जातात. नोव्हेंबरातलं पान जूनपर्यंत पावसाळा सोसण्याइतकं मोठं होतं. हे झाड मूळचं मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं. दिवसा पानांची छिद्रं मिटून घ्यायची, रात्री उघडायची आणि कार्बन डायऑक्साइड तेव्हाच आत साठवायचा, ही त्याची रीत. त्यामुळे थंड रात्री त्याला मानवतात. मुंबईत, कोकणात रात्रीही घाम सुटतो. तिथे आधी ग्रॅप्टोपेटॅलम परागुआयेन्से आणा. तेही गुलाबासारखंच रचलेलं, पण चिवट. नावात पराग्वे असलं तरी तेही मेक्सिकोचंच. एचेव्हेरिया हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या वनस्पती-मोहिमेत चित्रं काढणाऱ्या आतानासिओ एचेवेर्रियाचं. द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये ते या झाडांना दिलं. नर्सरीत मात्र ‘सक्युलंट दाखवा’, म्हणजे पाणी साठवणाऱ्या जाड पानांची झाडं, एवढंच पुरतं.

दुसरी तयारी मिश्रणाची, आणि इथे घाई नको. विटांचे तुकडे फोडून घ्या, तूरडाळीपेक्षा बारीक नको, हरभऱ्यापेक्षा मोठे नको. फोडलेला माल गव्हाच्या चाळणीतून काढा. खाली पडेल ती पूड फेकायची, वर राहील ते आपलं. आपला हात उलट सवयीचा असतो, बारीक ते चांगलं मानणारा. पण पुडीचा चिखल होतो आणि मुळं गुदमरतात. असे तीन वाटे विटा किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे), एक वाटा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटा जुनं गांडूळखत. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. शेणखताचा मोह टाळा. जास्त खताने पानं फुगतात, रंग जातो. मग परीक्षा: भोकाची मातीची कुंडी भरा, रोप न लावता वरून पेलाभर पाणी ओता. मोजून पाच-सहा सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. पाणी वर तळ्यासारखं थांबलं तर आणखी विटा घाला. कुंडी रोपापेक्षा बोटभरच रुंद हवी. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते.

तिसरी, आईझाडाची. पश्चिम बंगालच्या डोंगरातल्या कालिम्पोंगकडून कुरिअरने मागवलेली रोपं बहुधा मुळं उघडी ठेवून, कागदात गुंडाळून येतात. ती सुकलेली दिसली तरी लगेच पाणी देऊ नका. मिश्रणात बसवा, चार-पाच दिवस सावलीत ठेवा, मग पाणी. नवं रोप तीन आठवडे जुन्या रोपांपासून लांब. या काळात टॉर्च घेऊन पानांच्या बेचक्यात बघा. कापसाचा कण दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कुंडीत मुंग्यांची ये-जा वाढली तरी संशय घ्या, कारण त्याचा गोड स्राव मिळावा म्हणून मुंग्या त्याची राखण करतात. ती कीड पुसून काढायला सर्जिकल स्पिरिट आणि कान साफ करायच्या कापूसकाड्या आधीच आणून ठेवा, कीड कायम रविवारी दुकानं बंद असतानाच दिसते. कडुनिंबाचं तेल मात्र जपून. पानावरची पांढरी भुकटी हे पानाचं उन्हापासूनचं कवच आहे, तेलाने ते जातं आणि उन्हात डाग पडतात. बोटाचा ठसाही उमटला की त्या पानावरून जात नाही, म्हणून रोप नेहमी कुंडीला धरून उचला.

आता पान. तोडायच्या आधी आठवडाभर आईझाडाला पाणी नको. टच्च भरलेलं पान मधेच मोडतं, जरा मऊ पडलेलं नीट सुटतं. खालच्या ओळीतलं निरोगी पान चिमटीत धरा, डावीकडे-उजवीकडे हळू हलवा. ‘टक्’ असा बारीक आवाज होतो. टोक बघा: देठाकडची बाजू अखंड, किंचित खोलगट हवी. तिथेच फाटलं असेल तर ते पान गेलं. इथे आपल्याला पानफुटी फसवते. ती याच्याच कुळातली, शाळेत वहीत ठेवली तरी कडेच्या खाचांतून पिल्लं द्यायची. एचेव्हेरियाचं पिल्लू फक्त बुडाशी येतं. तोडलेली पानं मिठाईच्या रिकाम्या खोक्यात तीन-चार दिवस सावलीत सुकवा, मग मिश्रणावर नुसती आडवी ठेवा, खोचू नका. दोन-तीन आठवड्यांत गुलाबी दोऱ्यांसारखी मुळं दिसतील. तोवर पाणी नाही, त्यानंतर फवारा, तोही वरचा थर वाळल्यावर. वीस लावून दहा मिळाली तर समाधान माना. पिल्लू वाढत असताना आईपान सुरकुततं, ते ओढून काढू नका, सुकून आपोआप सुटू द्या. पांढरे पट्टे असलेल्या जातींच्या पानांपासून पट्टे बहुधा येत नाहीत.

लांबट होऊन माना टाकलेलं रोप असेल तर कटर नको, मासे पकडायच्या गळाची नायलॉन दोरी आणा. पानांच्या मधून ती गुंडाळून ओढली की शेंडा सरळ कापला जातो. शेंड्याला दोन-तीन सेंटिमीटर दांडा ठेवा, आठवडाभर सुकवून लावा. उरलेलं खोड टाकू नका, त्याला पिल्लं फुटतात. कापावर लावायला बुरशीनाशकाची चिमूट पुरते. कापावर दालचिनीची पूड लावा असंही कुणी सांगतं, पण ती मसाल्याच्या डब्यातच राहू दे.

मे संपायच्या आत छपराची सोय: वर पारदर्शक पत्रा, बाजू मोकळ्या, कुंड्यांमध्ये हात जाईल एवढं अंतर. मेच्या उन्हासाठी पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी, ती पाऊस लागला की काढायची. पावसाळ्यात पाणी दोन-तीन आठवड्यांनी, खालची पानं मऊ लागली तरच.

शेवटची तयारी घरच्यांची. आमच्या सासूबाई तुळशीला पाणी घातल्यावर तांब्यात उरलेलं ‘बिचाऱ्यांना’ म्हणून या कुंड्यांत ओतायच्या, नेमकं रोपाच्या पोटात. सांगून झालं, भांडून झालं. शेवटी मी तुळशीजवळ एक अळूची कुंडी आणून ठेवली. आता उरलेला तांब्या तिच्यात जातो, आणि अळू जोरात आहे.