नोकरी-घर सांभाळून सातेरी मधमाश्या पाळताना या चुका टाळा

घरामागे किंवा शेताच्या बांधावर दोन-तीन पेट्या ठेवणाऱ्याला मोकळा दिवस एकच मिळतो, रविवार. मग गरज असो वा नसो, पेटी रविवारी उघडते आणि एरवी कितीही गरज पडली तरी बंद राहते. छोट्या मधपाळांच्या बऱ्याच वसाहती याच सवयीमुळे जातात. वसाहतीतली कामं अंडं, अळी आणि कोष यांच्या दिवसांवर ठरतात. ते दिवस माहीत असले की आठवड्याला अर्धा-पाऊण तास पुरतो.

हा लेख सातेरी या आपल्या देशी मधमाशीबद्दल आहे. मेलिफेरा ही युरोपीय मधमाशी मध जास्त देते, पण तिच्या पेट्या फुलोऱ्यामागे गावोगाव हलवाव्या लागतात. कामावर जाणाऱ्या माणसाला ते झेपत नाही. सातेरी एका जागी तग धरते, व्हॅरोआ माइट या परजीवी कोळीकिड्याला स्वतः आवरते, पण जरा गैरसोय झाली की घर सोडून जाते. पुढच्या बहुतेक चुका या स्वभावाशी जोडलेल्या आहेत.

सवड आहे म्हणून पेटी उघडणे

पिलाव्याजवळ (अंडी, अळ्या आणि कोष) माश्या 34-35 अंश तापमान राखतात. झाकण काढलं, पोळ्यांच्या चौकटी एकेक करून बाहेर काढल्या की ते बिघडतं आणि पूर्ववत करायला मध खर्च होतो. पावसाळ्यात दर आठवड्याला असं केलं तर कमजोर वसाहत पळून जाण्याच्या मार्गाला लागते.

पेटी न उघडताही बरंच कळतं. सकाळी कामावर निघण्याआधी पाच मिनिटं दारापाशी उभे राहा. माश्यांच्या पायांवर परागाचे गोळे येत असतील तर आत बहुधा अळ्या आहेत आणि राणी अंडी घालते आहे. परागाची आवक थांबली, ये-जा मंदावली, की शंका घ्या. दाराशी मेणाचा भुगा आणि काळे बारीक कण दिसले तर मेणकिडा (पोळं पोखरणारा पतंग) आहे. मेलेल्या अळ्या ओढून टाकलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी पेटी उघडा. माश्या दारातच एकमेकींना भिडत असतील तर दुसरी वसाहत मध लुटते आहे. अशा वेळी दार एका माशीपुरतं ठेवा आणि पेटीबाहेर सांडलेला पाक धुऊन काढा.

उघडायचीच असेल तर कोवळ्या उन्हात, नऊ ते अकराच्या दरम्यान, वारा नसताना उघडा. एका पेटीला पाच-सात मिनिटं पुरेत. स्मोकरचे (धूर देण्याच्या भांड्याचे) दोन-तीन हलके झोत द्या, त्याहून जास्त नको. मेलिफेराच्या पुस्तकात वाचून भसाभसा धूर दिला तर सातेरी घाबरून चौकटीवरून पळत सुटते, खाली लोंबकळते आणि त्या गर्दीत राणी सापडत नाही. राणी शोधण्यात वेळ घालवण्याचीही गरज नसते. पोळ्यातल्या घराच्या, म्हणजे षटकोनी कप्प्याच्या, तळाशी उभं अंडं दिसलं, तर राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती. पाहणी तेवढ्यावर थांबली तरी चालते.

प्रत्येक पेटीसाठी वहीत चारच गोष्टी लिहा: तारीख, माश्यांनी झाकलेल्या चौकटी किती, अंडी आहेत का, मध किती. पुढच्या वेळी काय करायचं ते बहुतेक या चार ओळींतूनच ठरतं.

फुटण्याच्या हंगामात एक रविवार चुकवणे

पावसानंतर फुलोरा वाढतो. ठिकाणाप्रमाणे ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत वसाहती फुटण्याच्या, म्हणजे निम्म्या माश्या राणीसह निघून जाण्याच्या, बेतात असतात. रविवारचा नेम खरोखर उपयोगी पडतो तो या काळात, आणि लग्न-समारंभांमुळे नेमका तेव्हाच तो मोडतो.

राणीघरात (नवी राणी वाढवण्याच्या घरात) अंडं पडल्यापासून साधारण आठव्या दिवशी ते घर बंद होतं. पंधराव्या-सोळाव्या दिवशी नवी राणी बाहेर पडते. जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते ती राणीघर बंद होण्याच्या आसपास, म्हणजे नवी राणी जन्मण्याच्या आठवडाभर आधीच. सात दिवसांनी पाहणी केली तर राणीघर बंद होण्याआधी हातात सापडतं. एक खेप चुकली, चौदा दिवस झाले, की झाडाच्या फांदीवरचा माश्यांचा घोंगडा शोधत फिरावं लागतं.

पूर्वसूचना त्याआधीच मिळते. आधी नरांची घरं बनतात. सातेरीच्या नरघराची टोपी उंच असते आणि तिच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यामुळे ती चटकन ओळखू येते. नरघरं वाढली की चौकटीच्या खालच्या कडेला राणीघरं शोधायला लागा.

अनेक जण दिसेल ते राणीघर मोडतात आणि निर्धास्त होतात. जागेची अडचण तशीच राहिली तर माश्या पुन्हा राणीघरं बांधतात, आणि एखादं कोपऱ्यातलं नजरेतून सुटतंच. आधी जागा द्या. खालच्या कोठीतल्या सगळ्या चौकटी माश्यांनी झाकल्या असतील तर वर मधकोठी (मध साठवण्याचा वरचा मजला) चढवा. काळं पडलेलं जुनं पोळं काढून मेणपत्रा (पोळं बांधायला दिलेला मेणाचा पातळ पत्रा) लावलेली चौकट द्या. एवढं करूनही राणीघरं येत राहिली तर विभाजन करा, म्हणजे एका वसाहतीच्या दोन करा.

उलट चूकही होते. उत्साहाच्या भरात मधकोठी आधीच चढवली जाते. खाली तीन चौकटींवर माश्या आणि वर रिकामी कोठी असेल तर खालचा पिलावा गारठतो आणि वर मेणकिडा घर करतो.

विभाजनानंतर धीर न धरणे

विभाजन म्हणजे चौकटी अर्ध्या-अर्ध्या वाटून एक पेटी दहा फूट पलीकडे ठेवणं, असा समज आहे. तसं केलं की फुलांवर जाणाऱ्या सगळ्या माश्या जुन्या जागी परततात आणि हलवलेल्या पेटीत फक्त तरुण माश्या उरतात. एक तर दोन्ही पेट्या जुन्या जागेच्या डाव्या-उजव्या बाजूला सारख्या अंतरावर ठेवा, नाहीतर हलवायच्या पेटीत दोन चौकटींवरच्या माश्या जादा झटका. राणी नसलेल्या भागात ताजी अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली एक तरी चौकट हवीच. राणी घडते ती त्यांतूनच.

यानंतर पेटी दोनदाच उघडायची. चौथ्या-पाचव्या दिवशी राणीघरं झाली का ते पाहा आणि चांगली दोन ठेवून बाकीची काढा. मग थांबा. राणी बाहेर पडते अकरा-बारा दिवसांनी, मिलनाला उडते त्यानंतर आठवडाभरात, आणि अंडी घालू लागते आणखी दोन-तीन दिवसांनी. म्हणजे विभाजनापासून तीन-साडेतीन आठवडे. या मधल्या काळात दुपारी पेटी उघडली तर उड्डाणावरून परतणारी राणी गोंधळून दुसऱ्याच पेटीत शिरू शकते. पंचवीस दिवसांनीही अंडी नसतील तर शेजारच्या पेटीतून अंड्यांची चौकट द्या. एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसत असतील, तर कामकरी माश्यांनीच अंडी घालायला सुरुवात केली आहे. सातेरीत हे लवकर होतं. अशा वेळी नवी राणी देत बसू नका. संध्याकाळी, मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून, ती वसाहत राणी असलेल्या जोमदार वसाहतीत मिसळून टाका.

पावसाळा: रिकामी पोळी आणि चुकीचा पाक

छोट्या मधपाळांचं सर्वांत मोठं नुकसान जुलै ते सप्टेंबरमध्ये होतं. फुलं असली तरी पावसामुळे माश्या बाहेर पडू शकत नाहीत. पेटीतला मध संपतो, राणी अंडी थांबवते, आणि एके दिवशी पेटी रिकामी सापडते. पळून जाण्याची तयारी आधी दिसते. अळ्या नाहीत, बंद पिलावा निघून गेला आहे, मधाची घरं कोरडी आहेत आणि माश्या सैरभैर आहेत. या टप्प्यावर दुसऱ्या पेटीतली उघड्या अळ्यांची चौकट दिली तर त्या सहसा थांबतात, कारण अळ्या सोडून जायला त्या तयार नसतात.

पाकासाठी साखर आणि पाणी वजनाने सारखं घ्या. पाणी उकळून आच बंद करा, साखर विरघळवा आणि कोमट झाल्यावर द्या. आठवड्याला एका वसाहतीला साधारण 200 ग्रॅम साखर पुरते. रुंद वाटीत पाक घालून वर काड्या टाका, म्हणजे माश्या बुडत नाहीत. गूळ नको, त्याने हगवण लागते. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येऊ शकतात. पाक नेहमी संध्याकाळी आणि सर्व पेट्यांना एकाच दिवशी द्या. एकाच पेटीला दिलात तर बाकीच्या तिला लुटतात. मधकोठी वर असताना पाक दिला तर तो मधात मिसळतो, म्हणून मधकोठी आधीच उतरवा.

दुसरी चूक रिकामी पोळी आत ठेवण्याची. माश्या चार चौकटी झाकत असतील तर पेटीत चारच चौकटी ठेवा आणि त्यांच्याशेजारी फळीची आडभिंत घाला. ज्या पोळ्यावर माश्यांचा पहारा नाही तिथे मेणकिडा अंडी घालतो आणि आठवड्याभरात जाळी विणली जाते. सातेरी ही जाळी साफ करत बसत नाही, निघून जाते. पंधरवड्यातून एकदा तळपाट (पेटीची तळाची फळी) काढून खरवडा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि चौकटींना हात लावावा लागत नाही.

काढून घेतलेली चांगली पोळी फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर घरच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवली की किडा आणि अंडी दोन्ही मरतात. नंतर पिशवी बंदच ठेवा. डांबराच्या गोळ्या मात्र कधीच नकोत, त्यांचा अंश मेणात शोषला जातो.

पाऊस-वाऱ्याचं तोंड नैर्ऋत्येकडून असतं, म्हणून दार पूर्वेकडे ठेवा आणि पेटी पुढे किंचित कलती करा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून वर थेंबभर तेल टाका, नाहीतर मुंग्या-मुंगळे पेटी रिकामी करतात. पाण्याला टेकलेलं एखादं गवताचं पातंही त्यांना पूल म्हणून पुरतं.

एक वेगळा प्रश्न सॅकब्रूड या अळ्यांच्या रोगाचा. बंद होण्याच्या बेतातल्या अळ्या डोकं वर करून, होडीसारख्या ताठ मरतात आणि चिमट्याने ओढल्यास पाण्याची पिशवी बाहेर येते. हा रोग विषाणूमुळे होतो, त्यामुळे प्रतिजैविकाने काही होत नाही, उलट त्याचा अंश मधात उतरतो. 1991-92च्या सुमारास दक्षिण भारतात याने सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणात संपवल्या. बाधित पेटीतली चौकट दुसरीकडे देऊ नका, हत्यारं धुऊन घ्या, वसाहत आवळून (माश्या झाकतील तेवढ्याच चौकटींवर) ठेवा आणि राणी बदला. महाबळेश्वरचं मध संचालनालय किंवा पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथे दाखवून खात्री करणं उत्तम.

राणीरोधक जाळी लावून विसरणे

या जाळीतून कामकरी माश्या जातात, राणी आणि नर जाऊ शकत नाहीत. नवीन वसाहत पेटीत भरल्यावर दारावर ती चार-पाच दिवस ठेवायची असते. ती महिनाभर राहिली तर नर आतच मरतात आणि जाळीत अडकून दार तुंबवतात. त्यात राणी अजून कुमारी असेल तर मिलनच होत नाही. लावतानाच काढण्याच्या तारखेचा मोबाइलवर गजर लावा.

जागा एकदा ठरवून मग सरकवणे

बाल्कनी किंवा अंगणातल्या पेटीसमोर रात्री दिवा असेल तर माश्या त्यावर झेपावून मरतात आणि सकाळी घरच्यांच्या पायाखाली येतात. दिवा हलवा किंवा पेटीची दिशा बदला. जाण्या-येण्याच्या वाटेवर दार नको. समोर सहा-सात फुटांची शेडनेट किंवा कुंपण असेल तर माश्या उंचावरून उडतात आणि शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. पेटी हलवायची तर एका वेळी तीन फुटांपर्यंत, नाहीतर तीन किलोमीटरच्या पलीकडे. मधल्या अंतरावर हलवल्यास माश्या जुन्या जागी जाऊन घिरट्या घालतात.

विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासून दुपारची सावली आणि रोजचं पाणी सक्तीचं समजा. पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा आणि एकही दिवस खंड पाडू नका. एकदा माश्यांनी शेजाऱ्याच्या टाकीची सवय लावून घेतली की मोडणं अवघड जातं.

मध घाईने काढणे

चौकट आडवी धरून हलका झटका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा आहे. तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय काढू नका. मधातल्या पाण्याची मर्यादा 20 टक्के आहे. त्यापुढे तो बरणीत फसफसतो. फक्त मधकोठीतला मध घ्या आणि तो मधयंत्रातून (चौकटी फिरवून मध काढणाऱ्या यंत्रातून) काढा. खालच्या कोठीतल्या मधावर वसाहतीचा पावसाळा जातो. पिळून काढलेल्या मधात पराग आणि अळ्यांचा रस येतो, शिवाय बांधलेलं पोळं वाया जातं.

गावी जाताना

गणपतीला आठ-दहा दिवस जायचं असेल तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नेहमीच्या दीडपट पाक द्या, तळपाट खरवडा, वाट्यांत पाणी भरा आणि पेटीच्या झाकणावर दगड ठेवा. दिवाळीत पेटीजवळ आकाशकंदील टांगू नका. मे महिन्यात पाणी घालणारं कोणी नसेल तर पेटी आधीच एखाद्या ओळखीच्या मधपाळाकडे नेऊन ठेवा. शेजारच्या शेतात फवारणी ठरली असेल तर ती संध्याकाळी करायला सांगा. पेटीचं दार जाळीने बंद करायचं झाल्यास ते पहाटे, माश्या बाहेर पडण्याआधी करा, पेटी सावलीत ठेवा आणि एका दिवसापेक्षा जास्त कोंडू नका. ज्याच्या हाती पेट्या सोपवता त्याला झाकण उघडायचं नाही हे स्पष्ट सांगा. त्याचं काम पाणी भरणं आणि दाराशी पराग येतो का ते फोनवर कळवणं, एवढंच.